पाणी ओसरल्यावर

शेतकऱ्याचे डोळे पावसाकडे लागलेले असतात. आमच्यासारखी प्राचीन इतिहासाच्या नादी लागलेली मंडळी मात्र मनातल्या मनात कडक उन्हाळ्याची वाट पाहतात. ऐकायला विचित्र वाटेल, पण आमच्या कितीतरी आनंदाच्या बातम्या कोरड्या दिवसांतच येतात.

२०१८ चा जुलै घ्या. एरवी हिरव्यागार असणाऱ्या आयर्लंडवर त्या वर्षी पाऊस रुसला होता. अँथनी मर्फी आणि केन विल्यम्स हे दोघे काही पेशाने पुरातत्त्वज्ञ नव्हेत. बोइन नदीच्या खोऱ्यात, न्यूग्रेंजच्या प्रसिद्ध स्मारकाजवळ ते ड्रोन उडवत होते. खाली सुकलेल्या शेतात एक प्रचंड हिरवे वर्तुळ दिसले, व्यास सुमारे दीडशे मीटर! हजारो वर्षांपूर्वी खणलेले खड्डे आणि चर पुढे मातीने बुजले. अशा मातीत ओल जास्त टिकते, म्हणून तिच्यावरचे पीक तेवढे हिरवे राहते. अश्मयुगातल्या माणसांची आखणी जणू शेतावर उमटली होती. मला त्या दोघांचा मनापासून हेवा वाटला.

दुसरी बातमी इराकमधली. तिथे तैग्रिस नदीवरच्या मोसुल धरणाचे पाणी खूप खाली गेले आणि केमुने या ठिकाणी एक अख्खे शहर उघडे पडले. जर्मन आणि कुर्दी संशोधकांनी २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत घाईघाईने खोदकाम केले. शहर सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे, मितान्नी राज्यातले. एका तहात साक्षीला मित्र, वरुण, इंद्र यांची नावे घेणारे तेच हे मितान्नी! मातीच्या भांड्यांत ठेवलेल्या शंभराहून अधिक लेखपाट्या सापडल्या. कच्च्या मातीच्या पाट्या, इतकी वर्षे धरणाखाली राहूनही टिकलेल्या. काम संपल्यावर संशोधकांनी भिंती प्लास्टिकने झाकल्या, वर खडी भरली, आणि पाणी पुन्हा चढले.

पण धरणातले पाणी इतके उतरले का? दुष्काळ होता, उभी पिके जळू नयेत म्हणून ते सोडावे लागले होते. हे वाचले आणि माझा आनंद थोडा खाली बसला.

१९७२ च्या दुष्काळात मी नुकताच मास्तर झालो होतो. वर्गातली निम्मी पोरे आईबापांबरोबर खडी फोडायला जात. सुकडीच्या रांगेत उभी दिसत. गावच्या विहिरीचा तळ दिसू लागला तेव्हा त्यात काय जुने सापडेल, असा विचार कुणाच्याही मनाला शिवला नाही. तळ दिसणे ही त्या वेळी फक्त भीतीची गोष्ट होती.

आपल्याकडे उजनीचे पाणी फार खाली गेले की इंदापूर तालुक्यात पळसदेवचे जुने मंदिर वर येते. आम्ही हौशी लोक शिल्पे पाहायला, फोटो काढायला धावतो. पण ज्यांचे गाव त्या पाण्यात गेले, त्यांना तिथे काय दिसत असेल? कुणी म्हणेल, इथे आमचा ओटा होता. आम्ही ज्याला इतिहास म्हणतो, ते त्यांच्यासाठी अजून घरच आहे. केमुनेच्या परिसरातही पाणी येण्याआधी कुणाची शेते असतील, कुणाची घरे असतील.

म्हणून नाद सोडावा असे मी म्हणत नाही. या वयात तो सुटायचाही नाही! उलट पाणी उतरले की जाणकारांनी लगेच धावावे, मोजावे, फोटो घ्यावेत, पुन्हा बुडण्याआधी नीट झाकून ठेवावे. संधी थोड्या दिवसांची असते. फक्त अशी बातमी एकमेकांना आनंदाने सांगताना त्या वर्षी तिथे पिकले किती, प्यायला पाणी होते का, हेही विचारावे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची आपण एवढी चौकशी करतो. त्याच मातीवर आज राबणाऱ्याची का करू नये?

असो. यंदा तुमच्याकडे पाऊस कसा आहे, तेवढे जरूर कळवा.