दाराची कडी

मालगुंडात भातकापणी उरकली, की खाचरांचे बांध उघडे पडतात. ते पाहताना आम्हांला व्हिएतनाममधील एका भातखाचराचे स्मरण होते.

४ एप्रिल १९७५ रोजी अमेरिकेचे सी-५ गॅलक्सी हे लष्करी मालवाहू विमान सायगावहून निघाले. युद्धात पोरक्या झालेल्या बालकांना ते परदेशी, नव्या आईबापांकडे नेत होते. अवघ्या १२ मिनिटांत, सुमारे २३,००० फुटांवर, मागील मालदरवाजाच्या कड्या निसटल्या. दरवाजा उडाला आणि शेपटीकडे जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारा तुटल्या. वैमानिकाने मुख्यत्वे इंजिनांचा जोर कमीअधिक करीत विमान माघारी वळविले. ते खाचरात टेकले, उसळून नदीपार गेले आणि बांधावर आदळून फुटले. १३८ जीव गेले. त्यांत ७८ बालके होती. वरच्या मजल्यावरील बहुतेक वाचली, खालच्या मालकक्षातील बहुतेक दगावली.

बालकांना पाठविणाऱ्यांच्या मनात करुणेची उणीव नव्हती. उणीव कड्यांत राहिली. आम्हीही अनाथालयाला दान धाडतो आणि कर्तव्य आटोपले असे मानतो. ते दान बालकापर्यंत नीट पोहोचले का, हे मात्र विचारीत नाही. २८ डिसेंबरला, निष्पाप बालकांच्या सणाला, त्या ७८ जणांसाठी प्रार्थना करताना आम्हांला याचीच लाज वाटते.