माळावरचे सोबती
(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या मराठीत काही पक्ष्यांना मान आहे, तर काहींना माया. मोर सरस्वतीपाशी जाऊन बसला. राघूमैनेशिवाय आजीची गोष्ट पुरी होत नाही. कावळासुद्धा पितृपक्षापुरता का होईना, पाहुणा ठरतो. गिधाडाच्या वाट्याला मात्र केवळ शिवी आली. वसतिगृहाच्या खानावळीत कुणी घाईने ताट ओढले की लगेच ऐकू येते, "काय गिधाडासारखा तुटून पडतोस!" जमिनीच्या वाटणीवरून भांडणाऱ्या भावांना गाव गिधाडे म्हणते. विजय तेंडुलकरांनी एका कुटुंबातल्या हावरटपणाचे नाटक लिहिले, त्याचेही नाव 'गिधाडे'. नाटक मोठे आहे, त्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण मेलेल्यावर जगणाऱ्या पक्ष्याचे नाव आपण जिवंतांना लुबाडणाऱ्या माणसांना द्यावे, हा न्याय मला काही पटत नाही.

न पटायला कारण आहे. माझ्या आजोबांचे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, निम्मे आयुष्य गिधाडांच्या सोबतीने गेले. आणि मी, त्यांचा एकोणीस वर्षांचा नातू, अजून एकही गिधाड पाहिलेले नाही.

आमचे गाव नाशिक जिल्ह्यातले. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडे. आज भोवताली द्राक्षबागा आहेत आणि माझे आईवडील त्यांत रोजाने जातात. आबांच्या उमेदीत मात्र बागा नव्हत्या. बैल होते, गाई-म्हशी होत्या, आणि त्या मरतही होत्या. गावात कुणाचे जनावर मेले की माणूस ओढ्याच्या अलीकडेच उभा राहून हाक मारी. आबा आणि त्यांचे भाऊ दोरखंड घेऊन जात, जनावर ओढत माळावर नेत, कातडे सोलत, मीठ लावून ठेवत. त्या माळाला गावात 'हाडकीचा माळ' म्हणत. कातडे आबांचे, उरलेले सारे गिधाडांचे. पुढे महिना-दोन महिन्यांनी व्यापारी येऊन वाळलेली हाडे गोळा करून नेई.

आबा त्या पक्ष्यांविषयी बोलू लागले की वाटते, शेजाऱ्यांविषयीच बोलत आहेत. "सुरी लावायच्या आधी वर बगायचं. आभाळ मोकळं असायचं. अन् कातडं निघंस्तवर चाळीस-पन्नास बसल्यालीच! कुठनं यायची कुणास ठावं." लाल मुंडीचे एक गिधाड असे. त्याला आबा 'राजा' म्हणतात. तो आला की बाकीची बाजूला सरकत. पुस्तकात पाहिले तर त्याचे नाव राजगिधाडच आहे! आबा शाळेत गेलेले नाहीत. पण पांढऱ्या पाठीची गिधाडे झाडावर घरटे बांधतात आणि लांब चोचीची कड्याकपारीत, हे त्यांना माहीत आहे. "तासाभरात नुसती हाडं ऱ्हायची. वास न्हाई, माशी न्हाई," असे ते सांगतात, तेव्हा त्यांच्या आवाजात एका कामगाराने दुसऱ्या कामगाराला द्यावी तशी दाद असते.

आबांनी हे काम सोडले ते १९९४ साली. माझे वडील तेव्हा सातवीत होते. वर्गातली मुले त्यांच्या कपड्यांना वास येतो म्हणून नाक धरीत. महाडच्या १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा असे बजावले होते. मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडण्याची चळवळही पुढे गावोगाव पोचली. आमच्या वस्तीवर ती उशिरा आली, पण आली. त्या वर्षीच्या चौदा एप्रिलला वस्तीने एकमताने ठरवले आणि दोरखंड खुंटीला गेले. त्यानंतर कित्येक दिवस गावाने आम्हांला काम दिले नाही. आई म्हणते की तुझ्या शिक्षणाची फी त्या दिवसांतच भरून झाली आहे. त्या निर्णयाचा मला अभिमान वाटतो. आज मी ज्या बाकावर बसून हा लेख लिहीत आहे, त्या बाकाकडे येणारी वाट त्या दिवशी सुरू झाली.

आम्ही माळावरून उठलो, गिधाडे राहिली. शेतकरी आता मेलेले जनावर ट्रॅक्टरला बांधून स्वतःच माळावर टाकू लागले आणि आणखी दोन-तीन वर्षे ती नेमाने येत राहिली. मग काय झाले ते आबांच्याच शब्दांत सांगतो. "वड्याच्या आंब्यावर माना टाकून बसायची. मला वाटलं, म्हातारी झाली आसतील. पर सगळीच एकदम कशी म्हातारी व्हतील? मग एक उन्हाळा आला, तवा आलीच न्हाईत."

आबांना पडलेला हा प्रश्न त्याच सुमारास मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही पडला होता, हे मला यंदा कळले. दुसऱ्या वर्षाला पर्यावरणाचा पेपर सक्तीचा असतो. कला शाखेत तो पास होण्यापुरता वाचायची रीत आहे. मी वाचायला घेतला आणि थांबलोच. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९९० च्या दशकात हेच पाहिले: गिधाडे माना टाकून बसतात आणि झाडावरून खाली पडतात. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९.९ टक्के नाहीशी झाली. म्हणजे हजारात एक उरले. लांब चोचीची आणि सडपातळ चोचीची यांचीही जवळजवळ ९७ टक्के घट झाली. एके काळी जगातल्या मोठ्या शिकारी पक्ष्यांत सर्वाधिक संख्येचा मानला जाणारा हा पक्षी कुणी बंदूक न उचलता, जाळे न लावता संपत आला.

कारण सापडले ते पाकिस्तानात. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडे तपासली. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचला होता. २००४ साली त्यांनी जाहीर केले की दोषी आहे डायक्लोफेनॅक. हे औषध आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. कंबर दुखली की माणसेही घेतात. १९९० च्या दशकात ते स्वस्तात ढोरांसाठी मिळू लागले. टोचल्यावर थोड्याच दिवसांत जनावर मेले, तर औषधाचा अंश मांसात राहतो आणि ते मांस खाणारे गिधाड काही दिवसांत मरते. शास्त्रज्ञांचे गणित असे की शंभर मेलेल्या जनावरांमागे एकाहूनही कमी जनावरात हे विष असले, तरी एवढा संहार होऊ शकतो. एका जनावरावर पन्नास गिधाडे बसतात. आणि मादी वर्षाला अंडे घालते ते एकच. मरण घाऊक आणि जन्म किरकोळ. मग हिशेब जुळणार कसा?

मला सर्वांत जास्त विचारात टाकले ते याच गोष्टीने. या संहारामागे कुणाचाही दुष्टावा नव्हता. पाय सुजलेल्या बैलाचे हाल पाहवत नाहीत म्हणून शेतकऱ्याने डॉक्टरला बोलावले. डॉक्टरने सुई दिली आणि बैलाला आराम पडला. सगळेच दयेने वागले. पण आपल्या दयेची नजर गोठ्याच्या दारापर्यंतच पोचते. दावणीच्या बैलाची सुई आंब्यावरच्या पक्ष्यापर्यंत जाते, हे आपल्याला दिसत नाही. निसर्गाचा नाश म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कुऱ्हाड आणि कारखान्याचा धूर येतो. इथे शस्त्र होते ते दुखण्यावरचे औषध.

माळ पुढे काय झाला ते मी स्वतः पाहिले आहे, कारण माझे बालपण त्याच्या वाऱ्याखाली गेले. मेलेली जनावरे तिथे आठ-आठ दिवस सडत. दुपारी वारा फिरला की वस्तीत जेवण उतरत नसे. आणि तिथे कुत्री वाढली. गिधाडाच्या पोटातले आम्ल इतके तीव्र असते की काळपुळीसारख्या रोगाचे जंतूही त्यात टिकत नाहीत. कुत्र्याचे तसे नाही. ते निम्मे खाते, उरलेले पसरवते आणि पुन्हा माणसांत येऊन झोपते. मी पाचवीत असताना माळाकडून येणाऱ्या एका कुत्र्याने माझ्या पोटरीचा लचका तोडला. जवळच्या दवाखान्यात लस नव्हती. वडिलांनी रोज बुडवून मला तालुक्याला नेले, एकदा नव्हे, पाच वेळा. त्या कुत्र्याचा संबंध गिधाडांशी लावण्याचा पुरावा माझ्यापाशी नाही. पण २०२४ साली एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी गिधाडांचे जिल्हे आणि बिनगिधाडांचे जिल्हे यांची तुलना करून असे अनुमान काढले, की गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख जादा माणसे मेली. सडलेली जनावरे, खराब झालेले पाणी आणि वाढलेली कुत्री ही त्याची कारणे. मुंबईत मलबार हिलवर पारशी बांधवांच्या दोखम्यात गिधाडे येईनाशी झाली, तेव्हा सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. शतकानुशतके फुकटात होणारे काम किती महाग होते, हे कामगार गेल्यावर कळले.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. एका मित्राला मी हे सारे सांगितले, तेव्हा तो सहज बोलून गेला, "म्हणजे तुझे आबा आणि गिधाडे सारखेच की!" त्याच्या मनात वाईट नव्हते. तरी मला ते लागले. माझे आबा माणूस आहेत. त्यांच्यावर ते काम जन्माने लादले गेले होते आणि त्यांनी ते स्वतःच्या इच्छेने टाकले. गिधाडावर ते कुणी लादलेले नव्हते. तो त्याचा धर्मच. आबा माळावरून गेले ते ताठ मानेने, गिधाडे गेली ती मान टाकून. सारखेपणा असलाच, तर तो त्या दोघांत नाही, आपल्या नजरेत आहे. जो घाण साफ करतो त्यालाच घाण समजायचे, ही आपली जुनी खोड आहे. माणसाला आपण वेशीबाहेर ठेवले आणि पक्ष्याला शिवीत. माणसाने आपली वेस ओलांडली. पक्ष्याला ते जमणारे नव्हते.

सुदैवाने सारेच संपलेले नाही. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारत सरकारने २००६ साली बंदी घातली, म्हणजे माझ्या जन्मसालीच. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यापर्यंत पोचत राहिल्या, म्हणून २०१५ साली त्या तीन मिलिलिटरपुरत्या मर्यादित केल्या. २०२३ साली कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक ही औषधेही जनावरांसाठी बंद झाली. हरियाणात पिंजोर येथे गिधाडांची पैदास केली जाते. तिथून २०२४ च्या जानेवारीत वीस गिधाडे आपल्या पेंच आणि ताडोबाच्या जंगलांत आणली गेली. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या लोकांनी आपल्या झाडांवरची घरटी जपली आहेत. आणि मेलॉक्सिकॅम नावाचे औषध आहे, जे जनावराचे दुखणेही थांबवते आणि गिधाडालाही मारत नाही. म्हणजे बैलाची दया आणि पक्ष्याची दया यांत निवड करायची गरजच उरलेली नाही. फक्त माहिती हवी.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गाईची कास सुजली. डॉक्टर आले, पेटी उघडली. मी विचारले, "साहेब, कोणतं औषध देताय?" त्यांनी चमकून पाहिले, आमच्या वस्तीवर असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. मग त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. मी नाव मोठ्याने वाचले: मेलॉक्सिकॅम. ओसरीवरून आबा म्हणाले, "वाच, वाच. तेवढ्यासाठीच शिकीवला." आपल्यापैकी पुष्कळजण गावाकडून आलेले आहेत, घरी गोठा आहे. मित्रहो, तुम्हीही एवढे वाचा. त्याला विज्ञान शाखेत असावे लागत नाही.

आमच्या गावापासून एसटीने दोन तासांवर अंजनेरीचा डोंगर आहे. त्याच्या कड्यांत लांब चोचीची गिधाडे अजून घरटी करतात. परीक्षा संपली की आबांना तिकडे घेऊन जायचे मी ठरवले आहे. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून वर चढायचे नाही, पायथ्यालाच बसायचे. आबांना विचारले तर म्हणाले, "यीन की. पर सकाळचं लवकर जाऊन काय उपेग न्हाई. ऊन तापू दे. तापल्याबिगर ती पंख उघडत न्हाईत."