वाट एकीकडे, गल्ली दुसरीकडे

ब्युनोस आयर्स शहरातल्या ला बोका या बंदराकाठच्या वस्तीत आम्ही दुपारी पोहोचलो. निळ्या-पिवळ्या-लाल पत्र्यांची घरे, फोटो काढणाऱ्यांची गर्दी आणि एका दाराशी टँगो नाचणारी जोडी. या गल्लीचे नाव ‘कामिनितो’, म्हणजे छोटी वाट. हे नाव तिला एका टँगो गीतावरून मिळाले.

ते गीत १९२६ सालचे. शब्द गाबिनो कोरिया पेन्यालोसा यांचे, संगीत हुआन दे दिओस फिलिबेर्तो यांचे. गीतात घडते थोडेच. प्रिय व्यक्ती निघून गेली आहे आणि मागे राहिलेला माणूस आपले दुःख वाटेलाच सांगतो. पूर्वी तिच्या कडेला फुले होती, आता तिच्यावर काटे माजले आहेत. वाटेचे हाल कळले की माणसाचे हाल वेगळे सांगावे लागत नाहीत. जुन्या टँगो गीतांत हे नेहमीच दिसते. कुठे बंद पडलेली गिटार बोलते, कुठे गल्लीचा कोपरा.

गंमत अशी, की कवीची वाट इथली नव्हेच. ती दूर ला रिओहा प्रांतातल्या ओल्ता गावची. इथे होता रेल्वेचा एक ओस पडलेला फाटा. चित्रकार किन्केला मार्तिन आणि शेजाऱ्यांनी ती जागा सजवली आणि १९५९ साली तिला गीताचे नाव मिळाले.

आधी आम्ही जरा हिरमुसलो. पण परतताना आमच्यात नानीच्या गावचा विषय निघाला. घरोघरी नळ आले आणि विहिरीकडे जाणारी तिची वाट बुजली. तिच्यावर मात्र कुणी गीत लिहिले नाही.