मूळ क्रमाचा रकाना

सॉर्ट करण्याआधी मी शीटमध्ये एक रकाना वाढवते आणि त्याला 'मूळ क्रम' असं नाव देते. वरून खाली 1, 2, 3… एवढंच त्यात असतं. वाचनालयांच्या आणि छोट्या संस्थांच्या जुन्या वह्या एक्सेलमध्ये उतरवायचं माझं काम आहे. या कामात ह्या रकान्याइतका आधार मला दुसऱ्या कशाचा वाटत नाही, आणि नेमका हाच रकाना बहुतेक शीटमध्ये नसतो.

तो नसण्याचं कारण समजण्यासारखं आहे. एक्सेलच्या डाव्या कडेला ओळींचे क्रमांक दिसतातच, थेट 10,48,576 पर्यंत. मग वेगळा अनुक्रमांक कशाला? पण ते क्रमांक जागेचे असतात, नोंदीचे नसतात. नाट्यगृहातल्या खुर्च्यांचे नंबर असतात तसे. माणसं उठून कुठेही बसली तरी नंबर जागच्या जागी राहतात. आधी कोण कुठे होतं ते सांगत नाहीत. नावावर सॉर्ट केलं की 412व्या ओळीतली नोंद तिसऱ्या ओळीत येते, आणि ती कुठून आली याची खूण तिच्यावर कुठेही उरत नाही.

पुष्कळांचा भरवसा कंट्रोल झेडवर असतो. फाइल उघडी आहे तोवर तो ठीकच आहे; आजचं एक्सेल शंभर पावलांपर्यंत मागे नेतं. पण फाइल बंद केली की ती वाट संपते. मध्येच एखादा मॅक्रो चालवला तरी सहसा संपते. फिल्टर काढून टाकला की सगळं पूर्ववत होईल, असंही अनेकजण धरून चालतात. फिल्टर काढल्यावर लपलेल्या ओळी परत दिसतात, हललेल्या ओळी जागेवर जात नाहीत.

क्रम गेला तर बिघडलं काय, नोंदी तर सगळ्या शाबूत आहेत, असं मला विचारलं जातं. त्यावर मी जुनी देणगीवही उघडून दाखवते. एका घराण्याचं नाव पहिल्या ओळीत पूर्ण लिहिलेलं असतं, आणि त्याखालच्या पाच-सहा ओळींत नुसतं 'वरीलप्रमाणे'. लिहिणाऱ्यानं हात वाचवला, वाचणाऱ्याला काही अडलं नाही, कारण ओळी हलणार नाहीत हे दोघांनाही ठाऊक होतं. हीच वही शीटमध्ये जशीच्या तशी उतरवून रकमेवर सॉर्ट करा. प्रत्येक 'वरीलप्रमाणे' आता भलत्याच माणसाच्या नावाखाली जाऊन बसतं. एकही अक्षर बदललं नाही, तरी देणगीदार बदलले. शिल्लक रकमेच्या रकान्याचंही तेच. वरची शिल्लक, अधिक जमा, वजा खर्च असं सूत्र असेल तर ओळी हलल्यावर प्रत्येक दिवसाची शिल्लक चुकते. क्रम हीसुद्धा माहिती असते. ती कुठल्याच चौकटीत लिहिलेली नसते, म्हणून ती पुसली गेल्याचं लगेच कळत नाही.

आपल्याकडच्या कागदी दप्तरानं हा प्रश्न फार आधी ओळखला होता. वाचनालयात पुस्तकं कपाटात विषयवार लागतात, पण प्रत्येकाला आल्या क्रमानं एक दाखल क्रमांक मिळतो आणि पुस्तक कुठेही हललं तरी तो बदलत नाही. कचेरीतला आवक क्रमांक तसाच. शाळेत हजेरीपटावरचा क्रमांक दरवर्षी बदलू शकतो, जनरल रजिस्टरचा मात्र दाखल्यापर्यंत सोबत येतो. मांडणी सोयीप्रमाणे बदलावी, आगमनाचा क्रम नोंदीलाच चिकटवून ठेवावा, ही त्यामागची शिस्त. मी शीटमध्ये करते ते त्याहून वेगळं काही नाही.

रकाना भरायची रीत सोपी आहे, पण तिच्यात एक खाच आहे. पहिल्या दोन ओळींत 1 आणि 2 लिहायचं, दोन्ही चौकटी निवडायच्या आणि कोपऱ्यातल्या बारीक चौकोनावर डबल क्लिक करायचं. मग अगदी खाली जाऊन शेवटची नोंद क्रमांकित झाली आहे ना, ते पाहायचं. इथे 'रो'चं सूत्र वापरू नये. सॉर्ट केल्यावर ते नव्या जागेचा आकडा दाखवू लागतं, म्हणजे जपायचं तेच हरवतं. सूत्र वापरलंच तर ते कॉपी करून 'पेस्ट स्पेशल'मधून नुसत्या व्हॅल्यूज ठेवाव्यात. आकड्यांना अक्षरंही जोडू नयेत. 'म-1', 'म-2', 'म-10' असं लिहिलं तर दहा हा दोनच्या आधी येऊन बसतो. आणि सॉर्ट करताना सगळा तक्ता निवडलेला हवा. एकच रकाना हलला तर नावं एकीकडे आणि रकमा दुसरीकडे जातात. मग मूळ क्रमाचा रकानाही त्यांची गाठ घालून देऊ शकत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ फायली आधीच सॉर्ट होऊन आलेल्या असतात. तेव्हा क्रम खुणांवरून शोधावा लागतो. पावती क्रमांक असेल तर तो सर्वांत भरवशाचा. नुसती तारीख असेल तर अर्धंच काम होतं. दिवस लागतात, पण एकाच दिवसाच्या दहा नोंदी आपसांत आधीच्या वर्णानुक्रमानंच राहतात. कुणाच्या मेलमध्ये जुनी प्रत सापडली तर 'मॅच' फंक्शननं प्रत्येक नोंदीची जुनी जागा काढता येते. त्यासाठी नुसतं नाव पुरत नाही. एकाच नावाची दोन माणसं असली की दोघांनाही पहिल्याचीच जागा मिळते. नाव, तारीख आणि रक्कम जोडून शोधावं लागतं. काहीच हाती नसेल तर मूळ वही मांडीवर घेऊन ओळ न् ओळ ताडून पाहायची.

आता मूळ तक्त्याला हात न लावता मांडणी बदलायच्या सोयी आल्या आहेत. नव्या एक्सेलमधलं सॉर्ट फंक्शन क्रम लावलेली यादी वेगळ्या जागी उभी करतं. गूगल शीट्समध्ये फिल्टर व्ह्यू आहे, आधीची आवृत्ती परत आणायची सोयही आहे. मी त्या आनंदानं वापरते. तरीही रकाना ठेवतेच, कारण फाइल माझ्याकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे जाते, कधी एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जाते. या प्रवासात सोयी मागे राहतात, लिहिलेले आकडे सोबत जातात.

छपाईत तो नको असेल तर लपवावा, पण काढून टाकू नये. आणि यादी नीटस दिसावी म्हणून त्यातले आकडे नव्यानं ओळीत लावू नयेत. छापायला वेगळा 'अ. क्र.' घालता येतो. आज मला ही वही नावाप्रमाणे हवी आहे. उद्या कुणाला एखाद्या वर्षी देणग्या कोणाच्या पाठोपाठ कोणाच्या आल्या, ते पाहायचं असेल. पुढचा माणूस कोणता प्रश्न घेऊन येईल ते मला ठाऊक नसतं. त्याला मूळ क्रम लागणारच असं धरून मी शीट पुढे देते.