एकसष्टचा फेरा

मांजरसुंब्याचा घाट उतरू लागलं की खाली बीडकडचा मुलूख उघडा पडतो. काळी-करडी रानं, मधूनच ज्वारीचा एखादा हिरवा पट्टा, आणि पाठीमागे बालाघाटाची रांग. ही रांग सह्याद्रीचीच एक शाखा. पश्चिमेला हरिश्चंद्रगडाच्या बाजूने निघते आणि आमच्या जिल्ह्यातून पूर्वेकडे सरकत जाते. सह्याद्री म्हटलं की लोकांना कोकणचे कडे आठवतात, पावसाळी धबधबे आठवतात. त्याच सह्याद्रीचा एक हात इथवर, या कोरड्या भागात पोचतो, हे बीडचा माणूसही सहसा बोलून दाखवत नाही.

मला मात्र त्या हाताचं फार महत्त्व वाटतं. त्याचं कारण भास्कराचार्य. शके 1036, म्हणजे 1114 साली जन्मलेल्या या गणितज्ञाने वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला, आणि त्यात आपल्या गावाचा पत्ता स्वतःच देऊन ठेवला: सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेलं विज्जडविड. सतराव्या शतकातला टीकाकार मुनीश्वर त्यात भर घालतो की हे गाव गोदावरीपासून फार लांब नाही. आमच्या जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरीच आखते. राक्षसभुवनला उभं राहिलं की पात्र समोर असतं. सह्याद्रीची शाखा आहे, गोदावरी आहे, आणि नावात ‘विड’ आहे. एवढ्या आधारावर काही अभ्यासकांनी विज्जडविड म्हणजे बीड असं मांडलं.

दुसरी बाजू भक्कम आहे. चाळीसगावजवळच्या पाटण गावात शके 1128 चा, म्हणजे 1207 सालाच्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढला. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे आणि तो मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण त्यात मठाच्या खर्चाची तजवीज नोंदली आहे. बाजारात येणाऱ्या मालावरच्या कराचा वाटा मठाला, घाण्याच्या तेलाचा वाटा मठाला. गावच्या बाजारपेठेने बीजगणिताची शाळा पोसली होती, आणि तसं दगडावर लिहून ठेवलं होतं.

जन्मगावाचा निवाडा मागितला तर मी पाटणच्या परिसराच्या बाजूने झुकेन. घराण्याचा दगडी पुरावा तिथे आहे, आमच्याकडे तसा नाही. तरी बीडचा दावा मी पुसून टाकत नाही. भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ 1183 साली रचलं, आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे 1188 साली मुकुंदराजांनी आमच्याच अंबाजोगाईत ‘विवेकसिंधु’ पूर्ण केला. त्या काही वर्षांत या पठारावर किती मोठी माणसं एकाच वेळी विचार करत होती, हे मनात आणलं की गावाचं नाव दुय्यम होतं.

वर्गात मी त्यांच्या ‘बीजगणिता’तलं एक उदाहरण घेतो. बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाची मुलं समोर असतात. ॲनालिसिसचा पेपर त्यांना डोंगरासारखा वाटतो, म्हणून मी त्यांना आधी या उदाहरणाच्या वाटेने नेतो. प्रश्न असा: एका संख्येच्या वर्गाला 61 ने गुणा, त्यात 1 मिळवा, आणि उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग आलं पाहिजे. अशी संख्या कोणती? ऐकायला सोपं आहे. 1657 साली फ्रान्समध्ये फर्माने आपल्या मित्रापुढे नेमका हाच 61 टाकला होता. भास्कराचार्यांनी तो पाचशे वर्षं आधी सोडवून ठेवला होता.

त्यांची रीत म्हणजे चक्रवाल. ती त्यांच्याही आधीची. जयदेव नावाच्या गणितज्ञाची ती रीत अकराव्या शतकातल्या एका टीकेमुळे आपल्यापर्यंत आली आहे, आणि तिच्या मुळाशी ब्रह्मगुप्ताने 628 साली दिलेली ‘भावना’, म्हणजे दोन उत्तरं जोडून नवं उत्तर मिळवण्याची युक्ती, आहे. रीत अशी: लहान संख्या कनिष्ठ मूळ, मोठी ज्येष्ठ मूळ, आणि जुळण्यात जी चूक राहते तो क्षेप. सुरुवात कनिष्ठ 1, ज्येष्ठ 8 अशी करायची. 64 वजा 61, क्षेप 3. आता भागाकार पूर्ण जाईल आणि क्षेप शक्य तेवढा लहान राहील अशी एक मधली संख्या निवडायची. ती इथे 7 येते. तिच्या आधारे नवी जोडी मिळते: 5 आणि 39, क्षेप उणे 4. पुन्हा तेच केलं की 21 आणि 164, क्षेप उणे 5. मग 58 आणि 453, क्षेप 5. मग 195 आणि 1523, क्षेप 4. खरं तर भास्कराचार्य उणे 4 पाशीच थांबतात आणि भावनेने झपकन शेवट गाठतात. पण मी मुलांना घाई करू देत नाही, सगळ्या पायऱ्या चढायला लावतो.

एकदा फळ्यावर हे चाललं असताना शिरूर कासार तालुक्यातली एक मुलगी उठून म्हणाली, “सर, वरचे आकडे वाढू लागलेत, पण क्षेप काही हलंना.”

मी खडू खाली ठेवला. तिने एका वाक्यात गाभा पकडला होता. मुळं आठाची शेकड्यात, शेकड्याची हजारात, पुढे कोटींत जातात. क्षेप मात्र 3, उणे 4, उणे 5, 5, 4, उणे 3, उणे 1 असे चालतात. पुढे हीच माळ चिन्हं उलटवून फिरते आणि चौदाव्या पायरीला क्षेप 1 वर येतो. तिथे उत्तर हाती लागतं: कनिष्ठ 22,61,53,980 आणि ज्येष्ठ 1,76,63,19,049. एवढ्या प्रवासात क्षेपाने पाचाची वेस एकदाही ओलांडली नाही. वेशीच्या आत पूर्णांक थोडेच असतात, त्यामुळे केव्हा तरी आधीची अवस्था पुन्हा यावीच लागते. त्या मुलीचे आईवडील दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आसपास घरी येतात. जाणं आणि ठरल्या जागी परत येणं या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी वर्षाचा भाग आहे. चक्रवाल समजायला त्यांना वेळ लागत नाही, त्याचं मला नवल वाटत नाही.

एखादा नियम घ्यायचा, तो पुन्हा पुन्हा लावायचा, आणि बिंदू कुठे कुठे जातो ते पाहायचं. आजच्या गणितात याला गतिकी प्रणाली म्हणतात. मार्ग मर्यादेत राहतो का, स्वतःवर परत येतो का, की सगळा प्रदेश हिंडून काढतो, हे तिचे मूळ प्रश्न. भास्कराचार्यांना हे नाव ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. पण मर्यादेत राहणाऱ्या क्षेपांवर आणि फेरा पूर्ण होण्यावर ज्याने एवढा विश्वास टाकला, त्याला या प्रश्नांची चव नक्की कळली होती असं मला वाटतं. फेरा प्रत्येक वेळी 1 पाशी पोचतोच याची सिद्धता बरीच उशिरा आली. लाग्रांजने ती अठराव्या शतकात परंपरित अपूर्णांकांच्या भाषेत दिली; अपूर्णांकाच्या छेदात पुन्हा अपूर्णांक, त्याच्या छेदात आणखी एक, असे उतरत जाणारे हे अपूर्णांक. चक्रवालाचं स्वतःचं सौंदर्य 1929-30 च्या सुमारास ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी उलगडून दाखवलं. कवी ए. के. रामानुजन यांचे ते वडील.

ज्येष्ठाला कनिष्ठाने भागा: 39 भागिले 5 म्हणजे 7.8, मग 7.8095, मग 7.8103, आणि दर पायरीला 61 चं वर्गमूळ जवळ येतं. म्हणजे क्षेपाचा खेळ हा अपरिमेय संख्येला साध्या अपूर्णांकांनी किती जवळ जाता येतं, याचाच हिशोब आहे. हा हिशोब हालचालीच्या भाषेत कसा लिहायचा हे ज्यांनी स्पष्ट केलं, त्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तेव्हा असलेले एस. जी. दाणी यांचं नाव मोठं आहे. 1985 सालच्या त्यांच्या निबंधातली कल्पना मी वर्गात अशी सांगतो. दिलेल्या संख्येवरून प्रतलावर बिंदूंची एक जाळी तयार करायची. मग क्षेत्रफळ न बदलता ती एका दिशेने ताणत आणि दुसऱ्या दिशेने दाबत राहायचं. दबताना जाळीचा एखादा बिंदू केंद्राच्या फार जवळ सरकला, तर त्या क्षणी मार्ग अनंताच्या बाजूला भरकटला असं समजायचं. ज्या संख्येला लहान छेदाचे अपूर्णांक विलक्षण जवळ येऊ शकतात, तिचा मार्ग असा पुन्हा पुन्हा दूर जातो. जी संख्या कोणालाच फार जवळ येऊ देत नाही, तिचा मार्ग एका मर्यादित प्रदेशात कायम राहतो. 61 च्या वर्गमुळाचा मार्ग तर अखेर एका बंद फेऱ्याला जाऊन मिळतो. फळ्यावर पाचाच्या आत फिरणारे क्षेप आणि हा बंद फेरा, एकाच गोष्टीची ही दोन रूपं.

यातली मला सर्वांत भावणारी गोष्ट पुढे आहे. ज्यांचे मार्ग मर्यादेत राहतात त्या संख्यांच्या संचाचं माप शून्य आहे. संख्यारेषेवर डोळे मिटून बोट ठेवलं तर ते अशा संख्येवर पडण्याची शक्यता शून्य. पण त्या संचाची मिती काढली तर ती पूर्ण भरते. रेषेचा कुठलाही बारीक तुकडा घ्या, तिथेही तीच दाटी. असे मर्यादित मार्ग कितीतरी व्यापक प्रणालींत भरून राहिलेले असतात, हे दाणींनी 1986 साली दाखवलं. विरळ असणं आणि अपुरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला याहून स्वच्छ कोणी सांगितलेलं नाही. टाटा संस्थेतच असलेल्या एम. एस. रघुनाथन यांचं वेगळ्या प्रकारच्या मार्गांविषयीचं अनुमान दाणींच्याच एका निबंधातून जगापुढे आलं. त्याच वाटेने 1987 च्या सुमारास मार्गुलिसने वर्गी राशींच्या मूल्यांविषयीचं जुनं ओपनहाइम अनुमान सिद्ध केलं, दाणी आणि मार्गुलिस यांनी मिळून ते आणखी पुढे नेलं, आणि 1990 च्या आसपास मरीना रॅटनरने मूळ अनुमान पूर्णपणे सोडवलं. दाणी वेदी रचण्याचे नियम देणाऱ्या शुल्बसूत्रांवर आणि भारतीय गणिताच्या इतिहासावरही लिहीत आले आहेत. एकाच माणसाला वेदीच्या विटा आणि जाळ्यांचे प्रवाह दोन्ही दिसावेत, याचा मला मनापासून आनंद होतो.

शिरूर कासारच्या त्या मुलीने पुढच्या तासाला विचारलं, एका संख्येच्या ऐवजी दोन घेतल्या तर? मी तिला लिटलवुडचं अनुमान सांगितलं. 1930 च्या सुमाराचं ते अनुमान. दोन संख्या घ्या, दोघींना एकाच पूर्णांकाने गुणा, आणि दोन्ही गुणाकार जवळच्या पूर्णांकापासून किती दूर आहेत ते पाहा. ती दोन्ही अंतरं आणि तो पूर्णांक यांचा गुणाकार हवा तेवढा लहान करता येईल, असं लिटलवुडचं म्हणणं. 2006 साली आइन्सीडलर, काटोक आणि लिंडेनश्ट्राउस यांनी गतिकी प्रणालींच्या जोरावर दाखवलं की त्याला अपवाद असलेच तर त्यांच्या संचाची मिती शून्य आहे. पण पूर्ण सिद्धता अजून नाही. 2 आणि 3 यांची वर्गमुळं, शाळेतल्या पोराला पाठ असलेल्या या दोन संख्या, एवढी एक जोडीसुद्धा कुणाला सोडवता आलेली नाही.

मुलांनी लगेच कॅल्क्युलेटर काढले. पूर्णांक 1 ला उत्तर 0.111 आलं. 4 ला 0.099, 7 ला 0.087, 12 ला 0.076, 15 ला 0.062. मग बराच वेळ त्याहून खाली काही उतरेना. विसाच्या पुढे गेले, तिशी ओलांडली, मागच्या बाकावरून दोघं कंटाळून उठायला लागले. तेवढ्यात 41 लागला. 41 ला 2 चं वर्गमूळ 58 च्या अगदी अलीकडे येतं, 3 चं 71 च्या अगदी पलीकडे जातं, आणि उत्तर 0.00996, एका झटक्यात शंभरावा भागही नाही. उठलेले दोघं पुन्हा बसले. तास संपला होता, पण कोणी वही मिटली नाही, 42 पासून पुढे सुरू केलं.