ठसठशीत टिकली आणि रेशमी बूट

मैत्रिणींनो, लहानपणी "मुलीच्या जातीला हा आवाज शोभत नाही" हे वाक्य तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलंय? मी तरी त्याच वाक्यावर वाढले. माझा आवाज जाड. अजूनही फोनवर "हॅलो" म्हटलं की पलीकडून "हां, साहेब" असं येतं. शाळेत समूहगीताच्या वेळी बाई मला शेवटच्या रांगेत उभं करत आणि कानाशी येऊन सांगत, "तू नुसते ओठ हलव हं!" लग्नात उखाणा घेतला तेव्हा मांडवातली अर्धी माणसं वळून बघायला लागली. (आता शाळेत अर्धवेळ शिकवते, तर आठवीच्या वर्गात तोच आवाज कामी येतो, ती गोष्ट वेगळी.)

नऊ-दहा वर्षांची असताना दूरदर्शनवर एक बाई गाताना पाहिल्या. अंगावर भारी कांजीवरम, केसांत गजरा, दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या, कपाळावर रुपयाएवढी टिकली. एखाद्या लग्नातल्या वरमाईसारख्या दिसत होत्या. आणि तोंड उघडल्यावर आवाज जो आला, तो माझ्याहून चार पट जाड! शिवाय गाणं इंग्रजी. मी ताट बाजूला सारून टीव्हीपुढे जाऊन बसले. त्या बाईंना कुणी "हळू" म्हणत नव्हतं. उलट लोक टाळ्या वाजवत होते.

त्या उषा उथुप.

पुढे जिथे मिळेल तिथे मी त्यांच्याविषयी वाचत गेले. जन्म १९४७ चा, मुंबईचा, घर तमिळ अय्यरांचं. त्यांनाही शाळेत गाण्याच्या वर्गातून बाहेर बसवलं होतं, कारण आवाज मुलीसारखा नाही! हे वाचलं तेव्हा मी चक्क मोठ्याने हसले. १९६९ मध्ये मद्रासच्या 'नाईन जेम्स' नावाच्या नाइट क्लबात त्या पहिल्यांदा गायला उभ्या राहिल्या, त्याही साडी नेसून. नाइट क्लबात साडी! जरा विचार करा. त्या काळी तिथे गाणाऱ्या मुली पाश्चात्त्य पोशाखात असायच्या. उषाताईंनी वेगळं काही केलं नाही, घरी नेसतो तेच नेसल्या. मग कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरचं 'ट्रिंकाज' आलं, देव आनंदचा 'हरे राम हरे कृष्ण' (१९७१) आला, 'शालिमार', 'प्यारा दुश्मन', 'अरमान', 'डिस्को डान्सर' आले. १९८० च्या दशकात पश्चिम बंगालातल्या एका मंत्र्यांनी त्यांच्या गाण्यावर 'अपसंस्कृती'चा शिक्का मारला आणि सभागृह मिळू दिलं नाही, तर ही बाई कोर्टात गेली आणि जिंकून आली. साठी उलटल्यावर 'सात खून माफ'मधल्या गाण्यासाठी फिल्मफेअर मिळवलं. २०११ मध्ये पद्मश्री, २०२४ मध्ये पद्मभूषण.

तर अशा बाईंना एकदा तरी समोर बसून ऐकायचं, ही माझी कॉलेजपासूनची इच्छा. पण तुम्हाला ठाऊक आहेच, आपल्या इच्छांना दारात पाय ठेवायला मुहूर्त लागतो. बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला असताना एकदा संधी आली, तर वडील म्हणाले, "रात्रीचे कार्यक्रम लग्नानंतर नवऱ्याबरोबर बघ." लग्नानंतर एकदा आली, तर मी बाळंतीण. पुढे २०२० साली मनात जुळवाजुळव चालली होती, तेवढ्यात टाळेबंदी लागली आणि नाट्यगृहांनाच कुलुपं बसली. मग मी तो विषयच कपाटाच्या वरच्या फळीवर टाकून दिला.

आणि २०२५ च्या जानेवारीत, ऐन संक्रांतीच्या धामधुमीत, जिल्ह्याच्या शहरात त्यांचा कार्यक्रम असल्याचं कळलं. तिकीट आठशे रुपये. शाळेच्या पगारातून मी दोन तिकिटं काढली, ह्यांना विचारायच्या आधी. ह्यांनी "हो, जाऊ की" म्हटलंही. पण आयत्या वेळी ह्यांच्या ऑफिसात ऑडिट निघालं. नवऱ्यांच्या ऑफिसात ऑडिट नेमकं कधी निघतं यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा!

एकटीने एस.टी.ने जायचं, रात्री नणंदेकडे मुक्काम करायचा, हे माझं ठरलंच होतं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "आठशे रुपयांचं तिकीट वाया कशाला घालवायचं? मी येते."

मी बघतच राहिले.

इथे तुम्हाला आमच्या सासूबाईंविषयी सांगायला हवं. डिसेंबर २०२१ मध्ये आमचे सासरे गेले. त्याआधी सासूबाई म्हणजे आळीतल्या हौशी बाई. मंगळागौरीला पहाटेपर्यंत फुगड्या, वटपौर्णिमेला नथ, दर शुक्रवारी मोगऱ्याचा किंवा शेवंतीचा गजरा. सासरे गेल्यावर त्यांनी सगळं आपणहून काढून ठेवलं. आम्ही कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. उलट ह्यांनी एकदा म्हटलंही, "आई, निदान टिकली तरी लावत जा." त्या म्हणाल्या, "सवय गेली." मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांचं कुंकू पुसायची, बांगड्या फोडायची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ती बातमी मी मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवली. "चांगलं केलं हो त्यांनी," असं म्हणून त्या निवडत असलेल्या तांदळाकडे वळल्या. हेरवाड हेरवाडच्या जागी आणि आमचं स्वयंपाकघर आमच्या जागी!

आमच्याकडच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगूळ त्या करतात, वाणाच्या वस्तू त्या मोजून ठेवतात, आणि बायका यायला लागल्या की आतल्या खोलीत जाऊन पोथी उघडतात. या वर्षीही तेच झालं. आलेल्यांपैकी दोघी-तिघी आत डोकावून "बऱ्या आहात ना?" विचारून गेल्या. ते विचारणं मला जास्त लागतं. अशा वेळी मी बाहेर हळदीकुंकवाची कोयरी घेऊन उभी असते आणि काय बोलावं ते सुचत नाही.

तर अशा सासूबाई, पांढऱ्या शेल्यात डोकं गुंडाळून, माझ्याबरोबर पॉप संगीताच्या कार्यक्रमाला निघाल्या. वाटेत म्हणाल्या, "ती मोठ्या टिकलीची ना? नाटकातली पदं म्हणते का?" मी म्हटलं, "नाही आई, इंग्रजी गाणी जास्त असतील." "असू देत. आपल्याला काय, बसून तर राहायचंय."

आमची रांग चौदावी. पडदा वर गेला, आधी वादकांनी सुरुवात केली. ड्रमचा आवाज छातीत आदळत होता. ध्वनिक्षेपक आणखी थोडा खाली ठेवला असता तर बिघडलं नसतं. सासूबाईंनी कानाला शेला घट्ट केला. आणि मग उषाताई आल्या.

मैत्रिणींनो, वय वर्षं सत्त्याहत्तर! चालण्यात वय दिसत होतं, ते लपवायची खटपटही नव्हती. पण कांजीवरम तसंच, गजरा तसाच, बांगड्या तशाच. टिकलीवर बंगाली 'क', कोलकात्याचा 'क'. आणि पहिला स्वर लावला तसा सभागृहातला खोकला, कुजबुज, वेफर्सच्या पुड्यांचा आवाज, सगळं थांबलं. पूर्वीची दमदार चढण आता सगळीकडे नसते, काही ठिकाणी त्या वरची ओळ साथीदारांवर सोपवतात आणि श्रोत्यांकडून म्हणवून घेतात. पण खालचे स्वर! ते अजून तळघरातून आल्यासारखे घुमतात. शेवटच्या रांगेत ओठ हलवणाऱ्या मुलीला ते स्वर ऐकताना काय झालं असेल, ते मी इथे लिहीत बसत नाही. रुमाल ओला झाला, एवढंच.

इंग्रजी झालं, हिंदी झालं, बंगाली, तमिळ, मल्याळम झालं. मध्येच दोन वाक्यं मराठीत बोलल्या तर टाळ्या थांबेनात. दोन गाण्यांमध्ये त्या बरंच बोलतात. कुणाला ते जास्त वाटेल, पण मला आवडलं. समोरच्या हजार माणसांशी बोलताना त्या आपल्या ओट्यावर बसून बोलत असल्यासारख्या वाटतात.

मी एकदा बाजूला पाहिलं. सासूबाईंनी शेला खाली घेतला होता. गुडघ्यावर बोटाने ठेका चालला होता, बिचकत बिचकत, भजनातल्या टाळासारखा.

मध्यंतरात त्यांनी विचारलं, "हिचे यजमान काय करतात?"

मला आधीपासून माहीत होतं, पण सांगायचं धाडस झालं नव्हतं. मी म्हटलं, "चहाच्या धंद्यात होते. गेले, आई. जुलै २०२४ मध्ये."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे आत्ताच. सहा महिने झाले."

"हो."

"आणि हे गजरा वगैरे..."

मी काही बोलले नाही. समोसे आले होते ते दोघींनी खाल्ले. सासूबाई खाताना नेहमी तिखटमिठाविषयी काहीतरी बोलतात, त्या दिवशी बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "पन्नास वर्षं केली असतील ना संसाराची?" "तेवढी झालीच असतील," मी म्हटलं. "मग दुःख नसेल असं कसं म्हणायचं," असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मला वाटतं, वाद त्यांच्याच मनात चालला होता आणि दोन्ही बाजू त्याच मांडत होत्या. मी मध्ये पडले नाही. अशा वेळी सुनेने मध्ये पडू नये. आपण बोललो की तो सुनेचा मुद्दा होतो आणि मग तो खोडून काढणं भाग पडतं.

उत्तरार्धात लोक उठून नाचायला लागले. आमच्या पुढच्या रांगेत एक साठीच्या बाई, त्यांचे यजमान आणि नातवंडं अशी सगळी उभी! सासूबाईही उभ्या राहिल्या. मला वाटलं, नाचतात की काय! पण त्या टाचा उंचावून रंगमंचाकडे बघत होत्या. मग वाकून माझ्या कानात, त्या गोंगाटात ओरडून म्हणाल्या, "अगं, साडीवर बूट घातलेत तिने!"

होते खरे. उषाताईंचे ते प्रसिद्ध बूट, खेळाचे असतात तसे, पण वरून कांजीवरमच्या रेशमाचे, साडीशी रंग जुळवलेले. सासूबाईंचे गुडघे दोन वर्षांपासून दुखतात. डॉक्टरांनी मऊ तळाचे बूट घालून रोज चालायला सांगितलंय. "साडीवर बूट? लोक काय म्हणतील!" म्हणून त्यांनी तो सल्ला औषधाच्या चिठ्ठीबरोबर डब्यात ठेवून दिला होता.

रात्री नणंदेकडे पिठलं-भात खाताना त्यांनी लेकीला कार्यक्रमाची सगळी हकिकत सांगितली. ड्रम, टिकली, बूट, पुढच्या रांगेतली नाचणारी बाई. यजमानांचं मात्र सांगितलं नाही. ते माझ्या लक्षात आलं.

घरी परतल्यावर आठ दिवसांत बूट आले. करड्या रंगाचे, कापडी. पहिले दोन दिवस पहाटे अंधारात चालून आल्या, तिसऱ्या दिवसापासून उजाडल्यावर जायला लागल्या. नाडीची गाठ मलाच मारावी लागते, कारण वाकता येत नाही. समोरच्या काकू म्हणाल्या, "काय हो, नवीन फॅशन?" तर सासूबाई म्हणाल्या, "गुडघ्यांसाठी आहे."

रथसप्तमीच्या आधी शेजारी हळदीकुंकू होतं. बोलावणं नेहमीप्रमाणे मलाच. मी निघताना सासूबाई आतूनच म्हणाल्या, "मी काही येत नाही." मीही आग्रह केला नाही. येताना बाजारातून दोन गजरे घेतले, एक त्यांच्या पोथीशेजारी ठेवला. दुसऱ्या दिवशी तो देवाच्या तसबिरीला होता. बरं, असो. टिकलीची पाकिटं आरशामागे जिथे होती तिथेच आहेत, आणि मी ती हलवलेली नाहीत.

कार्यक्रमाला महिना होऊन गेल्यावर एका संध्याकाळी मी कणीक मळत गुणगुणत होते. हो, मी स्वयंपाकघरात गाते, त्या जाड आवाजात, आताशा दार न लोटता. सासूबाई पाणी प्यायला आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ती बाई परत आली तर सांग. पण ह्या खेपेला पुढच्या रांगेचं तिकीट काढ. चौदाव्या रांगेतून काही धड दिसत नाही."

"आणि ह्यांना न्यायचं का?"

"त्याला कशाला? त्याचं ऑडिट असेल."