थांबण्याचं व्याज

सेकंड शिफ्ट सुटली की बोईसरच्या एमआयडीसीतून घरी पोचेपर्यंत बारा वाजतात. आई जागी असते. "जेवलास का?" एवढं विचारून ती अंथरुणाला पाठ टेकते, पण झोपत नाही. म्हातारपणी झोप कमी होते, असं मी पुष्कळ वर्षं धरून चाललो होतो. एकदा तीच म्हणाली, "घोरतोस त्याचं काही नाही रे. मध्येच गप्प होतोस ना, तेव्हा मी मोजत बसते."

आई रात्रभर माझे श्वास मोजत होती.

डॉक्टरांनी रात्रीची तपासणी करायला लावली. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाखाली नळी. अहवालात आकडा आला 34. झोपेच्या दर तासाला 34 वेळा माझा श्वास किमान दहा सेकंद थांबत किंवा अडखळत होता. तिसाच्या वर गेलं की आजार तीव्र धरतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट मिटते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू दचकून शरीराला उठवतो. सकाळी यातलं काही आठवत नाही, डोकं तेवढं जड असतं. घरात आम्ही याला गाढ झोप म्हणत होतो.

थांबण्याचा हा हिशेब मला ओळखीचा वाटला. वडील चिंचणीत डायमेकिंग करायचे. पोलादावर दागिन्यांची नक्षी कोरून त्यांनी संसार चालवला आणि मला इंजिनिअर करायचं ठरवलं. तेव्हा चार लाखांपर्यंत तारण लागत नव्हतं, म्हणून तेवढंच शैक्षणिक कर्ज काढलं. सहकर्जदार म्हणून त्यांची सही. शिकण्याची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नव्हता. मी निवांत होतो, पण व्याज चालूच होतं. दरवर्षी एक लाख उचललेले, दर अकरा टक्के; पहिला हप्ता आला तेव्हा देणं साडेपाच लाखांवर गेलं होतं.

या सगळ्यातून सुटायला मी कॉम्प्युटरवर व्हाइस सिटी खेळायचो. एस्केपचं बटण दाबलं की भरधाव गाडी, समुद्रकाठची माडांची रांग, पाठीवरचे पोलीस, सगळं जागच्या जागी उभं. तासाभराने परत या, काहीही बिघडलेलं नसतं. तिथे थांबण्याचं व्याज लागत नाही, म्हणून तर उठवत नसे. पहाटेपर्यंत खेळून मी झोपेचं कर्ज मात्र वाढवत होतो.

नव्या ग्राफिक्स कार्डासाठी साठवलेले पैसे शेवटी सीपॅप मशीनला गेले. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये हा उपचार मांडला. नाकावर मास्क, आणि घसा मिटू न देणारा हवेचा हलका दाब. मी कारखान्यात दिवसभर प्रेशर गेज वाचणारा माणूस. पहिल्या रात्री नजर आकड्यावरच गेली. 9 सेंटीमीटर पाणी. वातावरणाचा दाब त्याच मापात 1033 भरतो. वीतभरही नसलेल्या पाण्याच्या दाबावर माझी रात्र तरते.

झोपण्याआधी मशीनच्या टाकीत रेषेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर भरतो. सकाळी मास्कची सिलिकॉनची कड आई कोमट पाण्याने धुते, बोटाने चाचपून बघते आणि सावलीत वाळत ठेवते. पावसात वीज गेली की मशीन गप्प होतं, मास्क कोंदटतो. अंधारातून आईचा आवाज येतो, "उठलास ना?" "हो," म्हणतो, तेव्हा कुठे ती कूस बदलते.

कर्जाची अजून चार वर्षं उरलीत, हप्ता पाच तारखेला जातो. खेळ आता रविवारी दुपारी. थांबणं आणि विसावणं एक नव्हे, एवढं मला कळलं आहे.

तुमच्या घरात कुणी घोरता घोरता एकदम शांत होत असेल, तर त्याला गाढ झोप लागली असं समजू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या. मशीन आलं त्या रात्री माझी आई कित्येक वर्षांनी सकाळी सातपर्यंत झोपली.